अठरा काड्यांएवढं तोंड

माझं नाव सगुना. जन्म किन्हवलीच्या पलीकडचा, शहापूर तालुक्यातला, आनि दिली इकडं मुरबाड तालुक्यात, म्हशापासनं चालत अर्ध्या तासावरच्या गावात. वय विचाराल तर आधारकार्डावर पन्नास लिवलंय, ते मास्तरनं अंदाजानं लिवलेलं, एखादं वरीस इकडंतिकडं धरा. आमी दोघंच भावंडं, मी थोरली आनि काशिनाथ धाकटा, आमी काशा म्हनायचो. घरात भात, थोडी नाचनी, दोन बैल, आनि गानं. गानं म्हंजे टीवीवरचं नाय, माझी आय धवलारीन व्हती.

आता धवलारीन म्हंजे काय ते तुमाला सांगायला पायजे, नायतर फुडचं काय कळनार नाय. आमच्यात लग्नाला भटजी येतो तो येतोच, पन मांडव घातल्यापासनं नवरी पाठवेपर्यंत दर कामाला एक गानं असतं, मांडवाचं येगळं, तेलाचं येगळं, हळदीचं येगळं, त्याला धवला म्हनतात, आनि ते म्हननारी बाई ती धवलारीन. तिला सुपारी देऊन सांगून जातात, लुगडं देतात, मान देतात. मी आयच्या मांडीला मांडी लावून शिकले, लिवलेलं कायच नाय, सगळं तोंडात. हळदीच्या आधी एक धवला असतो, त्याच्यात देव बोलवायचे आनि घरातली गेलेली मान्सं एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलवायची. आय सांगायची, सगुने, नाव घेतलंस की मानूस वेशीवरनं मांडवात येतं, आनि अर्धं सोडलंस तर वेशीवरनंच मागं फिरतं. मी तीस वर्सं लोकांची मेलेली मान्सं बोलवली. एकाचं पन अर्धं सोडलं नाय.

काशा दोन वर्सांमागं गेला. शेतावरनं आला, छातीत कळ आली म्हनाला, पानी मागितलं, पानी आनेपर्यंत संपला. त्याची पोर सोनल, तिचं लग्न ठरलं माघात. वहिनी, काशाची बायको, स्वता सुपारी घेऊन आली आनि म्हनाली, वन्सं, ह्या येळेला यांचं पन नाव घ्यायचंय. मी सुपारी कपाळाला लावली. काशाचं नाव माझ्याच तोंडातनं जायला पायजे, दुसऱ्या कुनाच्या नाय, असं माझ्या मनानं धरलं, आनि त्याच वर्साला माझं तोंड बंद पडलं.

दाढ म्हंजे खालची उजवीकडची, एकदम मागची, अक्कलदाढ. भातकापनीला ठनकायला लागली. कापनीच्या दिवसात दाढ बघत बसनार कोन, लवंग धरली, मीठ धरलं, काम केलं. मंग गालाला सूज आली तशी वाडीवरच्या म्हातारीकडं गेले, ती दातातली कीड काढते. निखाऱ्यावर रिंगनीच्या बिया टाकते, वर मडकं पालथं घालते, पपईच्या देठाची नळी लावते आनि तो धूर दाढेवर घ्यायचा. धुरानं नाकातोंडातनं पानी आलं, म्हातारीनं ताटलीत पांढरं पांढरं दाखवलं, म्हनाली ही बघ पडली कीड. मला बरं वाटलं बघा, दोन दिवस खरंच बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी उठले तर तोंड उघडंना. भाकरीचा तुकडा आत जाईना, दातांच्या फटीतनं पेज वढून घ्यायची, आनि बोलले तर दात खाऊन बोलल्यासारखं. आमचे हे म्हनाले, घरात पयल्यांदाच शांतता हाय, जरा राहू दे. मी तांब्या उचलला तसे पळाले.

माझी सून नंदा. तिचं माहेर वाशिंदचं, बाप कारखान्यात, शिकलेली बारावीपरयंत, आनि मुरबाडच्या एका कंपनीत पॅकिंगला जाते. माझं तिचं वाकडं नव्हतं, पन सरळ पन नव्हतं. मला वाटायचं ही कंपनीवाली, हिला काय कळनार आमचं, हिला काय गानं शिकवायचं. ती कधी बाजूला येऊन बसली तर मी गुनगुनायची थांबायची, खरं तेच सांगते. तिनंच सुट्टी टाकून मला मुरबाडला दातांच्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं बघितलं, गोळ्या दिल्या सूज उतरायला, आनि म्हनाला ही दाढ आडवी झोपलीय हाडात, ही माझ्याच्यानं निघायची नाय, कल्यानला तोंडाची आपरेशनं करनाऱ्या बाई हायत, तिकडं जा.

कल्यानला एसटीनं गेलो. एक मशीन हाय, आपन उभं राहायचं आनि ते डोक्याभवती फिरतं, त्याच्यात सगळी बत्तीसी एका कागदावर येते. डॉक्टरीन बाई तरनीच व्हती, माझ्या सोनलपेक्षा चार वर्सांनी मोठी असेल. तिनं फोटोत दाखवलं, मावशी ही बघा, दांडीवर टेकून झोपलेल्या बैलासारखी दुसऱ्या दाढेवर टेकलीय. असं ती म्हनाली नाय, ती कायतरी इंग्रजी म्हनाली, पन मला तसंच दिसलं. मंग तिनं विचारलं, बीपी हाय का, साखर हाय का, तंबाखू खाता का. मी म्हनलं नाय बाय. तंबाखू बाप्ये खातात. आनि मी खोटं नाय बोलले, इथं तुमी नीट ऐका, कारन पुढं सगळा घोटाळा त्याच्यातनं झाला. मी सकाळ संध्याकाळ मशेरी लावते, लगीन झाल्यापासनं लावते, तव्यावर तंबाखू भाजायचा, कुटायचा, बोटानं दातांना घासायचा. पन ते दात घासनं. ते खानं नाय. आमच्याकडं कुनी बाईला विचारा, ती हेच सांगेल.

सूज उतरल्यावर आठ दिवसांनी दाढ काढली. सुया दिल्या तवा दुखलं, मंग अर्धं व्हट आनि जीभ कुनाची दुसऱ्याचीच झाली. दुखलं नाय, पन आवाज सगळा कवटीत येतो, आपल्या हाडावर कुनी सुतारकाम करतंय तो आवाज. दाढ अख्खी निघंना, कापून तीन तुकडे केले. मी डोळे मिटून मनातल्या मनात मांडवाचा धवला म्हनला, पयला झाला, दुसरा झाला, तिसऱ्याच्या मधे बाई म्हनाल्या झालं मावशी. टाके घातले, कापसाचा बोळा चावायला दिला आनि कागद दिला. नंदानं एसटीत वाचून दाखवला. आज थुंकायचं नाय, खळखळून चूळ भरायची नाय, गरम चहा नाय, थंड मऊ खायचं, तंबाखू आठवडाभर अजिबात नाय. मी मान हलवली. तंबाखूचं आपल्याला काय.

थुंकायचं नाय हेच जड गेलं. तोंडात रक्ताची चव आनि गिळायचं, मला ते विटाळासारखं वाटलं, पन गिळलं. दोन दिवस दहीभात खाल्ला, बरफ लावला, गोळ्या घेतल्या. नंदा कंपनीत जायच्या आधी सगळं हाताशी ठेवून जायची. तिसऱ्या दिवशी पहाटे उठले आनि डोकं चढलं, मशेरीशिवाय तीन सकाळी गेल्या व्हत्या, पोट साफ नाय, कशात लक्ष नाय, अंगाला कापरं. आनि त्यात जखमेत जरा ठनका. तुमाला सांगते, आमच्या आयपासनं आमी ठनक्याला मशेरीच लावतो, बधिर करते ती. डबी काढली, चिमूट घेतली आनि दाढेच्या त्या खड्ड्यात नीट दाबून बसवली. औषध म्हनून. सकाळी लावली, संध्याकाळी लावली, दुसऱ्या दिवशी परत. आनि नंदा घरात असताना लावली नाय. म्हंजे आत कुठंतरी मला कळत व्हतंच की काय, आता काय सांगू तुमाला, कळत असेल.

पाचव्या दिवशी जे सुरू झालं ते दाढ दुखत व्हती तवा पन नव्हतं. कानात कळ, डोळ्यामागं कळ, तोंडाला वास असा की मीच मला सोसंना. सोनलचं लग्न महिन्यावर आलं व्हतं आनि तोंड आधी व्हतं त्याच्यापेक्षा बारीक झालं. परत कल्यान. बाईंनी बघितलं, म्हनाल्या वर रक्ताचं झाकन बसतं ते गेलंय, हाड उघडं पडलंय, मावशी जखमेत काय घातलं का तुमी. मी म्हनलं नाय. ह्या येळेला खोटं बोलले, समजून उमजून. त्यांनी पिचकारीनं पानी मारून खड्डा धुतला, आनि ट्रेमधी काळं काळं कायतरी पडलं. हे काय, त्या म्हनाल्या. मी म्हनलं चहापत्ती असेल. कोपऱ्यात नंदा उभी व्हती, ती म्हनाली, मॅडम, ती मशेरी हाय, आमच्या आई रोज लावतात.

आता तुमीच सांगा, सुनेनं बाहेरच्या मान्सापुढं सासूला खोटं पाडायचं, हे आमच्याकडं कोन ऐकून घेनार. मला तोंड उघडून भांडता येत नव्हतं म्हनून वाचली ती. बाई रागावल्या नाय, त्यांनी बाक पुढं घेतला, माझ्या समोर बसल्या आनि म्हनाल्या, मावशी, मशेरी म्हंजे तंबाखूच, भाजला म्हनून तो दुसरा व्हत नाय. आरसा दिला हातात. गालाच्या आत, मी बोट ठेवते तिथं, पांढरा चट्टा. म्हनाल्या आज हा नुसता चट्टा हाय, ह्याचा तुकडा तपासायला पाठवते, पन हा वाढला तर दाढ काढली तसं सोपं नसतं. लवंगेच्या तेलाची पट्टी खड्ड्यात भरली, अर्ध्या तासात कळ उतरली, मला तिथंच रडू आलं. दुखनं थांबलं म्हनून का लाजेनं, ते देव जाने.

आनि तरी मी नंदाशी बोलले नाय. एसटीत नाय, घरी आल्यावर नाय, आठवडाभर. तिनं डबी उचलून वरच्या फळीवर ठेवली, फेकली नाय, म्हनाली तुमची हाय, तुमीच काय ते ठरवा. एक दिवसाआड पट्टी बदलायला तीच न्यायची, शेजारी बसायची, तिकीट काढायची, मी खिडकीतनं बाहेर. तुकड्याचा रिपोर्ट आला, त्याच्यात वंगाळ काय नव्हतं. बाई म्हनाल्या आता येवढ्यावर मशेरी सोडा आनि दर सहा महिन्यांनी दाखवायला या. मी हात जोडले. मंग विचारलं, माझं तोंड कवा उघडनार, मला गायचंय. त्यांनी दातांच्या मधे चपट्या काड्या घातल्या, एकीवर एक, आइसकांडीच्या असतात तशा. सातवर अडकलं. म्हनाल्या दिवसातनं चार येळा मिठाच्या कोमट पान्यानं शेकायचं, मंग काड्या चावून बसायचं, दोन दिवसांनी एक वाढवायची, जोर करायचा नाय. अठरा काड्या गेल्या की तुमचं तोंड तुमचं.

सात ते अठरा, दोन दिवसाला एक, आनि लग्नाला सव्वीस दिवस. मी बोटावर मोजलं, बसत व्हतं, पन एक दिवस पन वाया घालवून चालनार नव्हतं.

काड्या आनायच्या कुठनं. त्याच आठवड्यात म्हशाची जत्रा लागलेली, आमचे हे बैल बघायला जानारच व्हते, म्हनाले काड्यांचं माझ्यावर सोपवा. थंडीचे दिवस, आनि ह्या मान्सानं बैलबाजारात फिरत दोन दिवसात अकरा आइसकांड्या खाल्ल्या, भाच्याला खायला घातल्या, बैलवाल्यांना खायला घातल्या, काड्या धोतराच्या सोग्यात बांधून आनल्या आनि पुढं आठ दिवस खोकत पडले. नंदा संध्याकाळी कंपनीतनं आली, काड्यांचा ढीग बघितला आनि सासऱ्याला म्हनाली, त्यांना ती मामाच म्हनते, मामा, ह्या मुरबाडला वह्या-पेनांच्या दुकानात पाकिटानं मिळतात, शाळेतली पोरं घरं बनवतात ह्यांची. हे खोकत खोकत बघायला लागले. आनि मला हसू आलं, हसताना जबडा दुखला, नंदा पन हसली. असं आमचं बोलनं सुरू झालं.

तिनं काड्या उकळून वाळवल्या. मी सकाळी चुलीपुढं काड्या चावून बसायची, ती भाकरी थापायची. काड्या तोंडात असल्यावर बोलता येत नाय, नुसतं नाकातनं गुनगुनायचं, मंग मी चाल धरायची. काड्या काढल्या की जबडा जरा सैल असतो, तवा हळू आवाजात शब्द लावून बघायची, कुठला शब्द पुरा निघतो, कुठला फसतो. अकराव्या काडीला तेलाचा धवला म्हनत व्हते, एक ओळ आठवंना, चुकली, आनि नंदानं भाकरी उलटताना ती ओळ म्हनली. मी तिच्याकडं वळले. म्हनाली, आई, पाच वर्सं ह्या घरात हाय, मोरीत भांडी घासताना ऐकतेच की, तुमी मी आले की थांबता, पन भिंतीआडनं ऐकू येतंच. मी जरा सरकून जागा केली. म्हनलं, बस इथं, तुझी चाल वर जाते, खाली घे.

चौदाव्या काडीला ती अर्धे धवले माझ्याबरोबर म्हनत व्हती. पन बोलवन्याचा जो धवला, त्याच्यात आजा-आजीची नावं झाली, बा-आयचं झालं, की मी थांबायची आनि म्हनायची आता पुरे, जबडा दुखतो. काशाचं नाव मी एकदा पन म्हनून बघितलं नाय. मला वाटायचं ते त्या दिवशीच घ्यायचं, उगाच तालमीत काढून शिळं नाय करायचं. आनि दुसरं म्हंजे नंदाला तसं पन ते नाव चालत नाय, नवऱ्याचा मामा, सासऱ्याच्या जागी, आमच्यात सून थोरल्यांचं नाव तोंडात घेत नाय. तिचा सासरा इतकी वर्सं घरात हाय, तर ती कधी त्यांचं नाव बोलली नाय, रेशनच्या दुकानात पन कार्ड पुढं करते.

हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी अठरावी काडी गेली. मी घड्याळ लावून पंधरा मिंटं बसले. नंदानं माझ्या तोंडात वाकून मोजल्या, दोनदा मोजल्या. मी म्हनलं बघ, पुरं उघडलं. बाईंना फोन लावला, त्या म्हनाल्या मावशी, जा आता गा, पन सुपारी चावू नका आनि ती डबी वरच राहू द्या.

किन्हवलीकडं गेलो सगळे. मांडव आंब्याच्या टहाळ्यांचा, माझ्याच बापाच्या अंगनात. सोनल पाटावर बसली, मी तिच्या बाजूला, नंदा माझ्या मागं साथीला. माझा आवाज बरा लागला, मीच ऐकत व्हते, कुठं फसत नव्हतं. देव बोलवले. आजा बोलवला, आजी बोलवली. बा बोलवला, आय बोलवली. मंग काशा. मी तोंड उघडलं, अठरा काड्यांएवढं उघडलं, आनि आवाज नाय. जबडा ठीक व्हता, घसाच बंद. का म्हनलं आनि शा निघंना. सोनलनं मान वर केली. वहिनी खांबाला धरून उभी. सगळा मांडव माझ्याकडं बघतोय आनि मला फक्त दिसतंय की नाव अर्धं राहिलं, माझा भाऊ वेशीवर उभा हाय आनि मी त्याला मागं फिरवतेय.

आनि माझ्या पाठीमागनं नंदानं नाव घेतलं. काशिनाथ. पुरं, मोठ्यानं, चालीत, मागं मामा नाय फुडं काय नाय, जसं धवल्यात घेतात तसं उघडं नाव. त्याच्या बापाचं नाव जोडलं, गावाचं जोडलं, ये म्हनली मांडवात, तुझी लेक पाटावर हाय. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या, सुनेनं नाव घेतलं म्हनून, कोपऱ्यातली एक म्हातारी पुटपुटली पन. मी मागं हात नेऊन नंदाचा हात धरला. तिच्या दुसऱ्यांदा म्हनन्यात माझा आवाज सुटला, आनि तिसऱ्यांदा आमी दोघींनी म्हनलं, रडत रडत, पन पुरं म्हनलं. त्या म्हातारीला मी नंतर सांगितलं, धवला म्हनताना सून नाय आनि सासू नाय, म्हननारी ती म्हननारी.

जी दवाखान्यात सगळ्यांदेखत बोलली म्हनून मी आठवडाभर तोंड फिरवलं, तीच मांडवात सगळ्यांदेखत बोलली म्हनून माझा भाऊ आत आला. मी हे तिला अजून तोंडावर बोलले नाय. तुमी लिवताय तर ती वाचेल.

आता बरं हाय. खड्डा भरला, त्या जागेवर जीभ फिरवली तर नुसतं गुळगुळीत. कल्यानला दोनदा दाखवून आले, चट्टा फिका पडलाय म्हनतात बाई, देव त्यांच्या हाताला यश देवो. मशेरीचं खरं विचाराल तर सकाळी अजून आठवन येते, पेस्टच्या फेसानं माझं समाधान व्हत नाय, फळीकडं नजर जाते. पन दाढेचं दुखनं मी इसरले नाय. सुपारी आता दोघींच्या नावानं येते, रविवारचं लग्न असलं की नंदा येते, शिफ्ट असली की मी एकटी जाते. कधी कधी लोक आधी तिलाच विचारतात, मला थोडं लागतं, पन चालायचंच.

नातू माझा चार वर्साचा हाय. त्याच्या लग्नापरयंत मी काय राहत नाय. तवा त्या मांडवात मला बोलवायचं असेल तर नंदाच बोलवेल, सासूचं नाव घ्यायला ती आता अडखळायची नाय. तिला सांगून ठेवलंय, सगुना म्हन, पुरं म्हन, मी वेशीवर थांबलेली असेन.